पद मिळालं, आता स्वतःवर काय काम करायचं?

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: हाताखालची किंवा बरोबरची माणसं ऐकत नाहीत, त्यांना कसं बदलू? आमची उत्तरं मात्र पत्र लिहिणाऱ्यापासूनच सुरू होतात. दबाव आला की तुम्ही काय करता, हे तुमच्या माणसांना तुमच्या आधी कळलेलं असतं, आणि तुमच्या शब्दावर किती विसंबायचं हे ते त्यावरूनच ठरवतात.

प्रश्न: चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षं ऑपरेटर होतो. दोन महिन्यांपूर्वी लाइन सुपरवायझर झालो. हाताखाली २२ जण, त्यातले सात-आठ माझ्याबरोबर डबा खाणारे. उशिरा आले तर बोलता येत नाही. बोललो की ‘आता साहेब झाला’ म्हणतात. माझं व्यक्तिमत्त्व कमी पडतंय का? – एक वाचक, चाकण

व्यक्तिमत्त्वाचा विचार सध्या बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि २२ नावं लिहा. गेल्या महिन्यात प्रत्येकाला काय मिळालं ते नावापुढे मांडा: किती वेळा उशीर चालवून घेतला, ओव्हरटाइम कुणाला दिला, रजा कुणाची लगेच मंजूर झाली, सोप्या स्टेशनवर कोण उभं राहिलं, रात्रपाळी कुणाच्या वाट्याला गेली. मग डबा एकत्र खाणाऱ्यांच्या नावावर खूण करा. बहुतेक नव्या सुपरवायझरांच्या कागदावर सवलती खुणेच्या नावांकडे आणि कडक बोलणी कंत्राटी पोरांकडे गेलेली दिसतात. हे मुद्दाम होत नाही. मित्राला बोलण्याचा अवघडपणा टाळायचा आणि राग जिथे परत बोलणार नाहीत तिथे काढायचा, हे आपसूक घडतं. लाइनवरच्या सगळ्यांना ते दिसतं. ‘साहेब झाला’ हे वाक्य बऱ्याचदा तिथूनच आलेलं असतं.

त्यानंतर प्रत्येकाशी १५ मिनिटं एकट्याने बोला. दिवसाला दोघे, म्हणजे ११ कामाचे दिवस लागतील. कॅन्टीनमध्ये नको, तिथे चार कान असतात. तेच तीन प्रश्न सगळ्यांना विचारा: माझ्या कुठल्या वागण्यामुळे तुमचं काम अडतं? मी काय चालू ठेवावं? लाइनवरची कुठली अडचण माझ्यापर्यंत पोहोचतच नाही? उत्तर ऐकताना खुलासा द्यायचा नाही. ‘तसं नव्हतं रे’ हे तीन शब्द निघाले की पुढचे एकवीस जण तोंडदेखलं बोलतील. लिहून घ्या, ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा, उठा. तीन आठवड्यांनी शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगा की यातल्या अमुक दोन गोष्टी मी बदलल्या आणि अमुक एक माझ्या हातात नाही, ती वर कळवली आहे. हा शेवटचा टप्पा गाळला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण ‘विचारतात आणि विसरतात’ असा शिक्का बसतो.

मित्र उशिरा आला तर त्याच दिवशी, बाजूला घेऊन, गंमतीचा सूर न लावता बोला. वाक्य असं असावं: ‘सव्वासातला आलास. लाइन सातला सुरू होते. तुझ्या स्टेशनवर दुसऱ्याला उभं करावं लागलं आणि त्याचं स्टेशन मागे पडलं. उद्यापासून सातच्या आधी. काही अडचण असेल तर आत्ता सांग, शिफ्टचं बघता येईल.’ यात काय घडलं, त्याने काय झालं, पुढे काय हवं, आणि त्याची बाजू मांडायला जागा, एवढंच आहे. ‘तू नेहमीच’ हा शब्दप्रयोग आला की बोलणं उशिरावरून स्वभावावर जातं आणि भांडण होतं. चार दिवस राग साठवून मग बोलण्याने नुकसान जास्त होतं, कारण तोवर त्याच्या दृष्टीने तुम्ही ते मान्य केलेलं असतं.

रात्रपाळी आणि ओव्हरटाइमची पाळी ठरवून महिन्याचा तक्ता बोर्डावर लावा. डबा मात्र मित्रांबरोबरच खा. तो सोडायची गरज नाही. डब्यावर बसून लाइनवरच्या तिसऱ्या माणसाविषयी बोलायचं नाही, इतकं एक पथ्य पाळा.

प्रश्न: मी शाळेत मुख्याध्यापक आहे. मी जे आहे ते तोंडावर बोलतो, मनात काही ठेवत नाही. हल्ली सगळीकडे ‘अस्सल नेतृत्व’, ‘मुखवटा न घालता वागा’ असं वाचायला मिळतं. मग माझे शिक्षक माझ्यापासून लांब का राहतात? – एक वाचक, सांगली

सर, अस्सलपणा म्हणजे मनात येईल ते लगेच बाहेर काढणं, असं धरलं तर तुमच्या प्रश्नाला उत्तरच सापडणार नाही. तुमच्या शिक्षकांना तुमची मतं माहीत आहेत. तुमचं कुठलं रूप आज भेटणार, हे त्यांना माहीत नसावं, अशी आम्हाला शंका आहे. ज्याच्या वागण्याचा अंदाज येत नाही त्याला माणसं वाईट बातमी सांगत नाहीत. परिपाठाला घोळ झाला, पोषण आहाराच्या नोंदी राहिल्या, पालक चिडून आला, हे तुम्हाला शेवटी कळत असेल तर कारण हेच आहे.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये एक साधी चौकट मांडली, ती ‘जोहारी खिडकी’ म्हणून ओळखली जाते. आपल्याबद्दलच्या गोष्टींचे चार कप्पे: मला आणि इतरांना दोघांना माहीत असलेलं, इतरांना दिसतं पण मला दिसत नाही ते, मला माहीत पण मी झाकून ठेवलेलं, आणि कुणालाच न उमगलेलं. तोंडावर बोलणारी माणसं पहिला कप्पा मोठा असल्याच्या समजुतीत असतात. त्यांचा दुसरा कप्पा मोठा असतो, कारण समोरचे परत बोलायचं सोडून देतात. स्वतः जास्त बोलून तो लहान होत नाही. विचारूनच होतो.

एक वही करा, पानाला चार रकाने. पहिल्यात वार आणि वेळ, दुसऱ्यात काय घडलं, तिसऱ्यात त्या क्षणी शरीरात काय जाणवलं, चौथ्यात मी काय बोललो. शब्दशः लिहायचं, ‘समज दिली’ असं गुळगुळीत नको. तीन आठवडे फक्त नोंदी करा, सुधारणा नको. पान उलटून पाहिलं की ठरावीक जागा दिसू लागतात. कुणाचा पारा जेवणाआधीच्या तासिकेला चढतो, कुणाचा शिक्षणाधिकारी कार्यालयातून फोन आल्यानंतरच्या अर्ध्या तासात. तिसरा रकाना लोक टाळतात, पण खरा उपयोग त्याचाच होतो: कान गरम होणं, जबडा आवळणं, आवाज चढणं ही खूण शब्दांच्या आधी येते. ती ओळखता आली की ‘यावर मी साडेतीनला बोलतो’ एवढं म्हणायला वेळ मिळतो. मग साडेतीनला बोलायचंच. टाळलं तर तीही पळवाट ठरते.

आधी चार जणांसमोर कुणाचा अपमान झाला असेल तर माफीही त्याच चार जणांसमोर. ‘परवा स्टाफरूममध्ये तुमच्या वहीवरून मी आवाज चढवला. ते चुकलं. वहीबद्दलचं बोलणं आपण वेगळं करू.’ इथेच थांबा. ‘पण तुम्हीही...’ हे पुढे जोडलं की माफी मागितलीच नाही असं होतं.

प्रश्न: राखीव जागेवर निवडून येऊन मी सरपंच झाले. सही माझी, पण कारभार आमचे ‘हे’ आणि ग्रामसेवक बघतात. ग्रामसभेत बोलायला उभी राहिले की घसा कोरडा पडतो. मला खरंच काम करायचं आहे. आत्मविश्वास कसा आणू? – एक वाचक, जालना जिल्हा

ताई, आत्मविश्वास आधी आणि काम नंतर, असा क्रम तुम्ही धरला आहे. तो उलटा करा. कागद कळू लागले की आवाज आपोआप स्थिर होतो, म्हणून आम्ही भाषणाआधी दप्तराबद्दल सांगणार आहोत. २०११ पासून महाराष्ट्राच्या पंचायतींत महिलांना ५० टक्के जागा आहेत. तुमच्यासारखा प्रश्न पडलेल्या बाया तालुक्यात पुष्कळ असतील, हेही ध्यानात असू द्या.

सगळ्यात आधी तुमची डिजिटल स्वाक्षरी. वित्त आयोगाच्या निधीतला पैसा अदा होताना ग्रामसेवकांबरोबर (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी आहे) सरपंचाचीही डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या उपकरणात असते, त्याला लोक डोंगल म्हणतात. अनेक गावांत हे डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, त्याचा पिन कागदाच्या चिठ्ठीवर आणि नोंदलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा, अशी व्यवस्था असते. म्हणजे तुमच्या नावाने पैसे जातात आणि तुम्हाला खबरही नसते. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर मात्र तुम्हालाच द्यावं लागतं. डोंगल आपल्याकडे घ्या, पिन बदला, नंबर स्वतःचा नोंदवा. भांडण न करता सांगता येतं: ‘जबाबदारी माझ्या नावावर आहे, म्हणून वस्तू माझ्याजवळ राहील. सही करायला मी ठरल्या दिवशी कार्यालयात येईन.’ आठवड्यातले दोन ठरावीक दिवस आणि वेळ लिहून दारावर लावा. कामं अडून राहतात ही तक्रार त्यामुळे येत नाही.

दुसरी गोष्ट, तीन महिन्यांत दप्तरातले चार नमुने, म्हणजे ठरावीक नोंदींचे कागद, वाचायला शिका. पहिल्या महिन्यात नमुना ५, म्हणजे रोकडवही: आज किती आले, किती गेले, शिल्लक किती. दुसऱ्या महिन्यात नमुना ८ आणि ९, म्हणजे घरपट्टीची आकारणी आणि मागणी: कुणाकडे किती येणं आहे. तिसऱ्या महिन्यात नमुना १, अंदाजपत्रक. रोज वीस मिनिटं पुरतात. प्रत्येक बैठकीत एक प्रश्न विचारा, सोपा असला तरी चालेल: ‘हे पाइपचं बिल मागच्या महिन्याच्या मासिक सभेत मंजूर झालंय का? ठराव दाखवा.’ पहिल्यांदा ‘तुम्हाला नाही कळायचं ताई’ असं ऐकू येईल. उत्तर द्या, ‘म्हणूनच विचारते, समजावून सांगा.’ आणि समजेपर्यंत सही थांबवा. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाच्या आराखड्याचा आणि खर्चाचा तपशील मोबाइलवर बघता येतो. कार्यालयातली वही आणि तिथला आकडा जुळतो का हे स्वतः ताडून पाहा. पुण्याची यशदा ही संस्था पंचायतीच्या प्रतिनिधींची प्रशिक्षणं घेते. तालुक्याला असं प्रशिक्षण लागलं तर घरातल्या कुणाला न पाठवता तुम्ही जा.

सही करण्यापूर्वी स्वतःला विचारायचे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: हे कुठल्या ठरावाने? पैसा कुठल्या खात्यातून? काम झालेलं कुणी पाहिलं? तिसऱ्या प्रश्नाला ‘मी पाहिलं’ हे उत्तर जितक्या वेळा येईल तितकं तुमचं वजन वाढेल. नाली, अंगणवाडीचं छप्पर, पाण्याची टाकी: चालत जा, हात लावून बघा, तारखेसह फोटो काढा.

आता ग्रामसभा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच उरकतात. तुमच्यासाठी मात्र बोलण्याचा सराव करायची हीच जागा आहे. तिथे पाण्याचा विषय मांडा, बाया काय विचारतात ते लिहून घ्या, तेच प्रश्न मोठ्या सभेत येणार आहेत.

भाषण लिहू नका, विषय लिहा. एका विषयाला पाच ओळी: काम कोणतं, खर्च किती, पैसा कुठला, कोण करणार, कधीपर्यंत. घरी उभं राहून, मोठ्याने, तीन वेळा म्हणा. बसून मनातल्या मनात वाचलं तर सभेत उपयोग होत नाही, कारण घाबरल्यावर श्वास उथळ होतो आणि उभ्याने बोलायची सवय नसेल तर वाक्याच्या मध्येच दम लागतो. उभं राहिल्यावर आधी पाण्याचा घोट, एक पूर्ण श्वास बाहेर, मग पहिली ओळ पाठ म्हणा. पहिली ओळ पाठच हवी, बाकीचं कागदावर बघून चालतं.

कुणीतरी अडवणार. ‘मागच्या रस्त्याचं काय झालं?’ असा आवाज मागून येईल. माहीत असेल तर आकड्यासह सांगा. नसेल तर ‘याची माहिती आज माझ्याकडे नाही. पुढच्या मासिक सभेत कागद ठेवते. इतिवृत्तात नोंद घ्या’ असं म्हणा आणि नोंद झाली का ते सभा संपल्यावर स्वतः वाचा. पुढच्या सभेत कोणी न विचारता तो कागद काढून वाचून दाखवलात की पुन्हा अडवणारा विचार करून बोलेल. अंदाजाने उत्तर देऊन वेळ मारून नेणं इथे महागात पडतं. गावात प्रत्येकाला प्रत्येकाचं बोललेलं आठवतं.

राहिला घरचा प्रश्न. एकदम सगळं हातात घ्यायला निघालात तर घरात तंटा होईल आणि तुमची शक्ती तिकडेच जाईल. वाटणी करा. तालुक्याला सोबत येणं, गाडी चालवणं, निरोप देणं ही मदत त्यांची घ्या. सभा चालू असताना ते खुर्चीवर बसणार नाहीत, तुमच्या वतीने उत्तर देणार नाहीत आणि सही तुम्हीच कराल, या तीन गोष्टींवर सूट नाही. हे चारचौघांत न बोलता घरी, जेवणानंतर, एकदा स्पष्ट बोलून घ्या. ‘उद्या चौकशी लागली तर नोटीस माझ्या नावाने येणार आहे’ हे कारण बहुतेक घरांत पटतं.

प्रश्न: आमच्या बचत गटाची मी नऊ वर्षं अध्यक्ष आहे. दुसरी कुणी पुढे येत नाही. मी बाजूला झाले तर गट मोडेल. – एक वाचक, सावंतवाडी

काकू, नऊ वर्षांत गट टिकवलात, कर्जं फिरवलीत, बायांचा विश्वास राखलात, याचं मोल मोठं आहे. तरी एक तपासून पाहा: बँकेत कोण जातं, हिशोब कोण लिहितं, पेटीची चावी कुणाकडे, न भरलेला हप्ता कोण मागायला जातं? चारही उत्तरं ‘मीच’ असतील तर कुणी पुढे येणारच नाही. सगळं एकटीने करणाऱ्या बाईची जागा घ्यायची म्हणजे सगळं एकटीने करायचं, या विचाराने बाकीच्या घाबरतात.

पेटी एकीकडे आणि चावी दुसरीकडे, हा गटांचा जुना नियम आजपासून पाळा. पहिल्या महिन्यात हिशोब दुसरीने लिहायचा, तुम्ही शेजारी बसायचं. दुसऱ्या महिन्यात बैठक तिने चालवायची आणि तुम्ही गोलात इतरांसारखं बसून तोंड बंद ठेवायचं. हा महिना सर्वांत कठीण जातो. ती अडखळली की तुमच्या तोंडून दुरुस्ती निघते, सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे वळतात आणि तिचं त्या दिवसापुरतं काम संपतं. चूक दिसली तर कागदावर टिपा आणि बैठक संपल्यावर दोघींनी बघा. पैशाची बेरीज चुकली असेल तरच मध्ये बोला. तिसऱ्या महिन्यात एका बैठकीला जाऊच नका. मग ठराव करून बँकेतल्या सह्या बदला. त्यासाठी ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि ओळखीचे कागद लागतात, शाखेत आधी विचारून घ्या म्हणजे दोन फेऱ्या होत नाहीत.

मोकळ्या झालेल्या वेळाचं काय करायचं हेही आधी ठरवा. नाहीतर महिन्याभरात तुम्ही परत पेटीपाशी येऊन बसाल.

प्रश्न: तीन दिवसांची ‘नेतृत्व विकास’ कार्यशाळा आहे, फी बरीच आहे. करावी का? – एक वाचक, पुणे

आयोजकांना एक विचारा: चौथ्या दिवसापासून काय? पुढचे दोन-तीन महिने सराव तपासायला कुणी असेल, छोटे गट भेटत राहणार असतील तर विचार करा. तीन दिवस टाळ्या, संगीत आणि प्रमाणपत्र एवढंच असेल तर पैसे वाचवा. उत्साह आठवडाभर टिकतो आणि जुनी सवय सोमवारी सकाळी कामावर परत भेटते.

त्याऐवजी स्वस्तातलं एक काम सुरू करा. कुठलाही महत्त्वाचा निर्णय घेताना वहीत तारीख, निर्णय, त्यातून काय होईल अशी अपेक्षा आणि तसं का वाटतं, एवढं लिहा. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर ही पद्धत सुचवत आणि नऊ ते बारा महिन्यांनी घडलेलं त्याच्याशी ताडून बघायला सांगत. लहान निर्णय तीन महिन्यांतही ताडता येतात. अपेक्षा आकड्यात किंवा तारखेत लिहा. ‘चांगलं होईल’ असं लिहिलं तर नंतर काहीही घडलं तरी आपण बरोबरच होतो असं वाटतं. आठ-दहा नोंदी झाल्या की माणसं पारखण्यात आपण चुकतो की वेळेच्या अंदाजात, की नाही म्हणायला कचरतो, हे आपल्याच अक्षरात दिसतं.

बोलण्याचा सराव हवा असेल तर पुण्यात टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत. तिथे तयार करून आणलेलं भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं असतं. पाचव्या मिनिटाला हिरवी, सहाव्याला पिवळी, सातव्याला लाल खूण दाखवतात. कुणीतरी तुमचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजत असतं, आणि दुसरं कुणी भाषणाचं मूल्यमापन सगळ्यांसमोर करतं. बहुतेक क्लबमध्ये पाहुणा म्हणून बसता येतं. आधी दोन सभा नुसत्या बघून या, मग फीचं ठरवा.